पाहुण्यांसाठी ठेवलेले शब्द

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी विचारलं होतं, की आजी दुपारी फोन का उचलत नाही. शेजारच्या आजींना मदत करते आहे, एवढंच मी इंग्रजीतून कळवलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. पूर्ण उत्तर मराठीत लिहिते आहे. का, ते पुढे येईल. अडेल तिथे आईला विचारा. तिलाही अडलं तर तिने मला विचारावं, लाजू नये.

सिंगापुरात, सेम्बावांगच्या आमच्या मजल्यावर लिफ्टपासून तिसरं दार आमचं, चौथं त्यांचं. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. तुम्ही लहान असताना आला होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला नारळाच्या दुधातल्या हिरव्या वड्या दिल्या होत्या आणि तुम्ही सगळ्या कॉरिडॉरभर हिरवे हात पुसले होते. मी त्यांना 'काक' म्हणते. मलय भाषेत थोरल्या बहिणीला असंच म्हणतात. तुमचे आजोबा अजूनही हसतात. "संस्कृतात काक म्हणजे कावळा, आणि तू रोज त्यांना हाक मारून घास घालतेस!" काक मला 'चिकगू' म्हणतात, म्हणजे मास्तरीणबाई. मी शाळेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण हा शब्द काही निवृत्त होत नाही. त्यांचे यजमान आजोबांच्याच शिपयार्डात क्रेन चालवत. ते गेले. मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिने येत नाही.

काक मलय आहेत असंच मी कितीतरी वर्षं समजत होते. सरकारी कागदावरही तसंच आहे. पण त्यांचे आजोबा बावेआनहून आलेले. जावाच्या उत्तरेला समुद्रात एक लहानसं बेट आहे, त्याचं हे नाव. तिथले पुरुष कामासाठी सिंगापूरला यायचे. कुणी घोडागाड्या हाकायचे, कुणी गोदीत राबायचे. एका गावची माणसं मिळून एकाच मोठ्या घरात राहायची. त्या घराला 'पोंडोक' म्हणत. अनेक कुटुंबं, एक प्रमुख, आणि त्याचे नियम. काक आणि त्यांची धाकटी बहीण अशाच एका पोंडोकमध्ये जन्मल्या आणि वाढल्या. तिथली भाषा मलय नव्हे. मलयच्या नात्यातली खरी, पण मलय माणसाला नीट न कळणारी. पुढे पोंडोक पाडला गेला, माणसं फ्लॅटमध्ये विखुरली. शाळेत मुलांना मातृभाषा म्हणून मलय आली, मग तीच घरातही आली. काकांच्या मुलाला घरची भाषा थोडी कळते, बोलता येत नाही. नातवंडांना कळतही नाही. हे त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत. आपण एखादी जुनी बस आता त्या रस्त्याने जात नाही हे सांगतो ना, तसं सांगतात.

त्यांची धाकटी बहीण एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये नूडल्स विकायची. लग्न केलं नाही. मलय, होक्कियन चिनी, इंग्रजी, तीन भाषांत मुलांना दटावायची. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला. महिन्याभराने वाचा परत आली, पण तिन्ही भाषा गेल्या होत्या. उरली ती फक्त पोंडोकमधली. मागाहून शिकलेलं कधीकधी आधी जातं, असं डॉक्टर म्हणाले. तिला बिशानच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं आहे. तिथल्या परिचारिका ब्रह्मदेशच्या, फिलिपिन्सच्या, केरळच्या. माणसं चांगली. पण तिचं बोलणं कळणारं तिथे कुणीच नाही.

म्हणून काक रोज जेवण उरकून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बिशानला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. गेल्या गेल्या बहीण तक्रारींची पोतडी सोडायची आणि काक एकेक वस्तू बाहेर काढून परिचारिकेला मलयमध्ये किंवा मोडक्या इंग्रजीत द्यायच्या. हिचा खांदा दुखतो आहे. हिला भात गिचका नको. हिला काल लघवीला जायचं होतं, कुणी आलं नाही. मी दोन-तीनदा सोबत गेले होते. मी असले की काक आवाज खाली आणायच्या किंवा मला म्हणायच्या, "चिकगू, जरा खालून चहा आणता?" मी आपली चहा आणायची.

मग काकांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. वर्षभर वाट पाहिलेली. चार-पाच दिवस इस्पितळात, आणि पुढचे सहा आठवडे एमआरटीचं नाव काढायचं नाही.

"रद्द करते," काक म्हणाल्या.

"का?"

"पाय काय, इतकी वर्षं दुखतोय, आणखी दुखेल. तिचं काय? तिला तहान लागली तर ती कुणाला सांगणार?"

फोन चालत नव्हता. बहिणीला फोनमधला आवाज ओळखता यायचा नाही. पडद्यावर काक दिसल्या तर ती मान फिरवून भिंतीकडे बघायची. ही भाषा बोलणारी आणखी माणसं सिंगापुरात आहेत, पण काकांच्या ओळखीची बहुतेक जण स्वतःच अंथरुणाला खिळलेली. एक वयस्कर गृहस्थ जायला तयार होते. काकांनी कपाळाला हात लावला. "परक्या पुरुषाला ती सांगणार, मला संडासला न्या म्हणून?"

तेव्हा मी ती सूचना केली. तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. मी बाजारात यादीशिवाय जात नाही आणि यादीत भाज्या दुकानाच्या मांडणीप्रमाणे लिहिते. मी म्हटलं, "काक, आपण शब्दांची यादी करू. पाणी, भात, दुखतंय, गरम होतंय. परिचारिकांना वाचता येईल अशी. तुम्ही खुशाल ऑपरेशन करून घ्या."

त्यांनी कॅलेंडरवरची तारीख पुन्हा बघितली. मग म्हणाल्या, "चिकगू करणार असतील तर होईल."

सहा दुपारी आम्ही बसलो. मी वही घेऊन त्यांच्या बैठकीच्या खोलीत जायची. टेबलावर लेसचं कापड घातलेलं असायचं, सोनेरी काठाचे कप काढलेले असायचे, ताटलीत काहीतरी गोड. एरवी घरात त्या केस मोकळे सोडून, गुडघ्यापर्यंत लुंगी खोचून वावरतात. त्या सहाही दिवशी त्यांनी डोक्याला रुमाल व्यवस्थित पिन लावून बांधला होता. मला त्याचं कौतुक वाटलं. काम गांभीर्याने घेतलं आहे, असं मी मनात म्हटलं.

वहीत रकाने पाडले. इंग्रजी अर्थ, त्यांचा शब्द रोमन लिपीत, आणि माझ्यासाठी देवनागरीत, कारण देवनागरीत उच्चार जास्त नीट बसतो. शरीर, खाणं, दुखणं, न्हाणीघर, हवा, माणसं, असे विभाग केले. मी विचारायची, काक विचार करून उत्तर द्यायच्या. बऱ्याचदा पहिला शब्द ओठावर यायचा, त्या तो गिळायच्या आणि म्हणायच्या, "थांबा हं, चांगला शब्द सांगते." न्हाणीघराच्या विभागात आम्ही अडखळलो. लघवीसाठी त्यांनी पुष्कळ वेळाने एक लांबलचक वाक्य दिलं. त्याचा अर्थ "मला जरा मागच्या बाजूला जाऊन यायचं आहे" असा होता. मी म्हटलं, एवढं मोठं? त्या म्हणाल्या, "असंच म्हणतात." मी लिहून घेतलं.

शंभराच्या वर शब्द झाले. मी ते टाइप केले, खालच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये घालून आणले, कडीत ओवले, विभागांना रंगीत पट्ट्या लावल्या. आजोबा म्हणाले, "एवढ्या वेळात आम्ही एखादं जहाज पाण्यात सोडलं असतं." पण कौतुकाने चाळलंही त्यांनीच.

काक इस्पितळात दाखल झाल्या त्या दिवशी दुपारी मी ते पुस्तक घेऊन बिशानला गेले. तिथली मुख्य परिचारिका ब्रह्मदेशची, तुमच्या आईच्या वयाची. तिने पलंगाशी उभं राहून 'पाणी हवं का' हे वाक्य अगदी हळू, नीट वाचलं.

आणि चमत्कार झाला. बहिणीने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चांगल्या हाताने उशीखाली चाचपून रुमाल काढला आणि कसाबसा डोक्यावर घेतला. टेकून ताठ बसली. हसली. उजवा हात छातीला लावून मान लववली आणि दोन-तीन वाक्यं बोलली. परिचारिकेने पेला पुढे केला, तो तिने अगदी हळुवार बाजूला सारला. तहान नसेल, आम्ही म्हटलं. खांदा दुखतो का? तेच हसू, तोच छातीवर हात. भूक? तेच. मी फार आनंदले. शब्द पोचत होते, माणूस उत्तर देत होतं! संध्याकाळी इस्पितळात फोन करून मी काकांना सांगितलं, "सगळं छान चाललं आहे. ती माझ्याशी हसली." काकांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला फोनमधून ऐकू आला.

चौथ्या दिवशी परिचारिकेने मला दारातच गाठलं.

"आंटी, तुझं पुस्तक फार छान. पण ही काहीच खात नाही. पाणी पीत नाही. दोन वेळा अंथरूण ओलं झालं, सांगितलं नाही. आधी ही ओरडायची, उशी फेकायची. आता किती सभ्य. मला ओरडणारीच बरी होती."

बहिणीचे ओठ सुकून त्यांना सालं आली होती. मला बघितल्यावर तिने पुन्हा रुमाल शोधला. मी पेला पुढे केला, तिने पुन्हा हसून छातीवर हात ठेवला. त्या वेळी मला ते हसू आवडलं नाही. मी फोनवर तिच्या बोलण्याचा व्हिडिओ घेतला आणि तशीच इस्पितळात काकांकडे गेले.

काकांनी फोन डोळ्यांजवळ धरला. आधी त्या हसल्या. गुडघा धरून, कळ येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

"काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, तुम्ही उगीच त्रास घेऊ नका. मी आत्ताच खाऊन बसले आहे. तुमचं सगळं क्षेमकुशल आहे ना?"

मी स्टूल जवळ ओढलं.

"तिला वाटतंय तुम्ही पाहुण्या आहात," काक म्हणाल्या. "तुम्हीच कशाला, ती नर्ससुद्धा. मोठ्या घरचं कुणीतरी भेटायला आलंय. मग ती काय, पाणी मागेल? माझ्या आईने आम्हाला तसं वाढवलं नाही."

"पण शब्द तर तुम्हीच दिलेत!"

"शब्द दिले. पाहुण्यांचे दिले."

"मग घरचे का नाही दिले?"

काकांनी चादरीची घडी नीट केली. "चिकगू, तुम्ही माझ्या बैठकीत येऊन बसलात. वही उघडून. इस्त्रीची साडी नेसून. तुमच्यासमोर मी ते शब्द कसे काढणार?"

मग त्यांनी पोंडोकचं सांगितलं. पायरीवर परकं माणूस दिसलं की सर्वांत म्हातारी बाई खोकायची. एकच खोकला. त्या खोकल्यासरशी घरातली बोली बदलायची. भांडणं मिटायची नाहीत, नुसती थांबायची. मुलं गप्प व्हायची. ज्या बाईने आत्ता सुनेला शब्दाशब्दाला झोडपलं होतं तीच पाहुण्याला मऊ आवाजात विचारायची, वाटेत ऊन लागलं का? पाहुणा गेला की सगळं जिथल्या तिथे. "घरातली भाषा परक्याला दाखवायची नाही," काक म्हणाल्या. "न धुतलेली भांडी दाखवतो का आपण?"

मी म्हटलं, ठीक आहे, आता सांगा, मी वही आणली आहे. त्यांनी प्रयत्न केला. खरंच केला. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आणखी दोन सभ्य शब्द दिले.

परतीच्या एमआरटीत मी तुमचाच विचार करत होते.

आम्ही पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. घरी मराठी, पण कुणी पाहुणे आले की आई म्हणायची, जरा इंग्रजीत बोलून दाखव. इंग्रजी ही आमच्याकडे काचेच्या कपाटातली भाषा. मला ती आवडते, अजून आवडते, तिच्यात मी कधी घसरले नाही. तुम्ही झालात तेव्हा मी ठरवलं की तुमच्याशी इंग्रजीतच बोलायचं, म्हणजे तुम्हाला जड जाणार नाही, तुम्ही दुरावणार नाही. दर रविवारी मी केस विंचरून पडद्यासमोर बसते आणि विचारते, शाळा कशी चालली आहे, बाळा? तुम्ही दोघं ताठ बसता आणि म्हणता, "फाइन, आजी." सर्दी झाली होती ती बरी झाली? "फाइन." नवं घर आवडलं? "फाइन, थँक्यू." फोन ठेवायच्या जरा आधी मागून आईचा आवाज येतो, अरे नालायकांनो, बूट कुणी असे टाकले! आणि तुम्ही दोघं एकदम तोंडं उघडून भांडायला लागता, मराठी-इंग्रजीची खिचडी करून, आणि तेवढ्यात पडदा बंद होतो. तेवढं अर्धं मिनिट मला तुमच्या घरातलं काहीतरी कळतं. धाकटीला नव्या शाळेत सहा महिने एकही मैत्रीण नव्हती हे मला आईकडून, तेही वर्षाने कळलं. मी दर रविवारी विचारत होते की, इंग्रजीतून.

असो. मी काकांच्या बहिणीबद्दल सांगत होते.

काक घरी आल्या. सकाळी एक बाई त्यांचं आवरून जायची, दुपारी मी. तिकडे बिशानला सलाईन लावण्याची बोलणी सुरू झाली होती. परिचारिका अंदाजाने चमच्याचमच्याने पाणी पाजत होती, पण किती पाजणार! काकांना हे मी सांगितलं, आणि सांगून काही उपयोग नव्हता. त्या वॉकरला धरून दारापर्यंत गेल्या आणि रडवेल्या होऊन परत फिरल्या.

तिसऱ्या दुपारी त्यांना न्हाणीघरात न्यायचं होतं. मी कधी कुणाला असं उचललेलं नाही. तुमच्या पणजीची सेवा करायला मी पुण्यात नव्हतेच. मी काकांच्या काखेत हात घातला तो चुकीच्या बाजूने, वॉकर सरकला, गुडघा वाकला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला आणि आम्ही दोघी दाराच्या चौकटीला अडकलो.

काक ओरडल्या. मला ओरडल्या. एक वाक्य नाही, आठ-दहा, एकापाठोपाठ एक. मलयचा त्यात एक शब्द नव्हता. हात कुठे घालतेस, ओढ, ओढ म्हटलं ना, तिकडे नको, पाय बघ, आंधळी आहेस का, असं असणार ते. मला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. मी ओढलं. हात बदलला. आणखी दोन शिव्या बसल्या. आम्ही पोचलो.

नंतर पलंगावर टेकल्यावर त्यांचे केस सुटलेले, लुंगी भिजलेली, माझी साडीही भिजलेली. दोघी धापा टाकत होतो. त्यांनी माझ्याकडे तिरक्या डोळ्याने बघितलं.

"ऐकलंत?"

"ऐकलं. परत म्हणा."

"वही कुठे आहे?"

"घरी."

"मग सांगते. पण लिहायचं नाही. तोंडात ठेवायचं."

आणि त्यांनी सांगितले. पी. गिळ. कुठे दुखतंय, नीट सांग. ऊठ. हलू नकोस. नाटकं पुरे. शेवटी, भिंतीकडे बघत, लघवीचा तो छोटासा शब्द, जो पोंडोकमधली दोन वर्षांची पोरं ओरडत मागच्या दाराकडे पळायची तो. वीसेक शब्द असतील. ते मी इथेही लिहीत नाही, कारण मी तसं कबूल केलं आहे.

पेन्सिलीशिवाय शिकणं किती अवघड आहे, मुलांनो! मी लिफ्टमध्ये पुटपुटत होते, मटार सोलताना पुटपुटत होते. आजोबा स्वयंपाकघरात डोकावले. "कुणाला शिव्या देते आहेस?"

"अभ्यास करते आहे."

"मग माझ्या नावाने कर, लवकर पाठ होईल."

काक माझे उच्चार फारसे सुधारत नव्हत्या. त्यांना माझा चेहरा पसंत नव्हता. "तुम्ही विनंती करताय. बँकेतल्या बाईसारखं बोलू नका. तुम्ही तिची मोठी बहीण आहात. ती लबाड आहे, आळशी आहे, आणि तुम्हाला घरी शंभर कामं पडली आहेत. आता म्हणा." मी म्हटलं. "अजून चिडा." मी चिडले. मला चिडता येत नाही असं मला वाटायचं. शाळेत मी कधी आवाज चढवला नाही, नुसतं चष्म्यावरून बघायची. त्या दुपारी काकांच्या पलंगाशी मी एका नसलेल्या लबाड बहिणीवर इतकी ओरडले, की समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजोबांनी दार उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी साधी घरातली साडी नेसून बिशानला गेले. सलाईनचा स्टँड पलंगाशी आणून ठेवलेला होता, अजून लावलेलं नव्हतं. परिचारिका माझ्या मागे उभी राहिली. बहिणीने मला बघितलं आणि सवयीने उशीखाली हात घातला.

मी पेला उचलला आणि 'पी'साठीचा शब्द म्हटला. मला वाटलं तेवढ्या जोरात नाही.

तिचा हात उशीखालीच राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे. काहीतरी बारीक आवाजात विचारलं. मला कळलं नाही. कळलं नाही म्हणून मी घाबरले, आणि घाबरून तोच शब्द दुसऱ्यांदा म्हटला, तो मात्र खराखुरा ओरडून. पुढे नाटकं पुरे हेही जोडलं.

तिने पेला माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. अर्धा प्यायली, अर्धा अंगावर सांडला. मग श्वास घेतला आणि सुरू झाली. रुमाल नाही, हसू नाही. बोट रोखून, आधी माझ्यावर, मग परिचारिकेवर, मग शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या टीव्हीवर. त्या लांबलचक फैरीतले मला पाच शब्द ओळखू आले. भात, दुखतंय, थंड, आंधळी, आणि तो छोटासा शब्द. मी घंटेकडे हात नेला. परिचारिकेने तोवर बेडपॅन काढलंही होतं. तो शब्द मी तिला दारातच एकदा सांगितला होता, आणि आता ती तो माझ्यापेक्षा चांगला म्हणत होती. आठवड्याभरात बाकीचेही तिने उचलले, आणि केरळच्या परिचारिकेला दिले. रंगीत पट्ट्यांचं पुस्तक आता कपाटावर आहे. कुणी खरोखरचं भेटायला आलं तर उपयोगी पडेल.

सलाईन लावावं लागलं नाही.

मी हे सगळं काकांना येऊन सांगितलं तेव्हा त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. झाल्याही. पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी दोन वर्षं तिथे जाते. तिच्याशी बोलते, तुम्ही आलात की चहाला पाठवते. मी तेव्हाच तुम्हाला आत घेतलं असतं, तर?" मी त्यांचा वॉकर जवळ सरकवला. त्यांच्या मुलाला त्यांनी हे शब्द का दिले नाहीत, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनी ते स्वतःलाच विचारलं असावं. त्याच आठवड्यात त्यांनी जहाजावर फोन लावला. मुलगा हसत होता आणि त्या त्याला न हसता एकेक शब्द परत म्हणायला लावत होत्या. मी उठून जायला लागले तर त्यांनी हाताने बसा म्हटलं.

हे वाचून त्यांची भाषा वाचली असं समजू नका. वीस शब्दांनी भाषा वाचत नाही. तहानलेल्या माणसाला पाणी मिळतं, एवढंच. आणि ज्यांना ती खरी येते अशा बायका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या काकांच्या ओळखीत आहेत, त्यातल्या दोघी बिशानच्या त्या खोलीत बसतात.

काक आता काठी टेकत एमआरटीने जातात. मीही आठवड्यातून तीनदा जाते. मला चहाला पाठवत नाहीत. गेल्या मंगळवारी दोघी बहिणींचं कडाक्याचं भांडण झालं. पोंडोकच्या विहिरीवर कुणीतरी कुणाचीतरी बादली घेतली होती, सत्तर वर्षांपूर्वी, आणि ती परत दिली होती की नाही यावर. मी माझ्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते.

काक एकदम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही नुसत्या काय बसलात? मध्ये बोला की!"

"मला काय माहीत बादलीचं?"

"बादलीचं सोडा. घरात भांडण चाललंय आणि तिसरी गप्प बसलीये!"

माझ्याजवळ जे वीस शब्द आहेत त्यांतला मी एक निवडला आणि जमेल तितक्या चिडक्या आवाजात दोघींच्या मध्ये टाकला. तो 'गिळ' होता की 'ऊठ', मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. दोघी थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी मिळून मला झापायला सुरुवात केली.